मेमरी वाचवणारा पॅच आलाय, तो तपासायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स प्रकल्पात "मेमरी कमी केली" अशा शीर्षकाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल (पॅच) सामावून घ्या अशी विनंती, आली की मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. बदल छोटा दिसतो, हेतू चांगला असतो, पण त्यात चूक राहिली तर ती काही महिन्यांनी, भलत्याच कुणाच्या मशीनवर उघडी पडते. मी अशा पुल रिक्वेस्ट बरीच वर्षं तपासत आले आहे. नव्याने रिव्ह्यू करायला लागलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बहुतेक सी आणि लिनक्सच्या अंगाने आहेत, कारण तिथे एकेक बाइट डोळ्यांना दिसतो. इतर भाषांचा विषय जिथे खरोखर वेगळा आहे, तिथे तो वेगळा घेतला आहे.

डिफ (जुन्या आणि नव्या कोडमधला फरक) उघडण्याआधी काय वाचायचं?

पॅचचं वर्णन. त्यात तीन गोष्टी शोधा: कोणती मेमरी कमी झाली, ती कोणत्या क्षणी मोजली आणि कोणत्या इनपुटवर मोजली. या तिन्हींची उत्तरं नसतील तर "मेमरी निम्म्यावर आली" या वाक्याला काही अर्थ नाही.

समजा कुणीतरी कॉन्फिगरेशन फाइल वाचणारा पार्सर सुधारला. प्रोग्रॅम सुरू होताना लागणारी मेमरी खरंच निम्म्यावर आली. पण ती मेमरी पार्सिंग संपताच सोडली जात होती, आणि लोकांची तक्रार आहे ती हजारो कनेक्शन उघडल्यावर बफर फुगतात याची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पॅच वाईट नाही, घ्यायलाही हरकत नाही. पण तक्रारीच्या नोंदीवर "सुटली" असा शिक्का मारून ती बंद करू नका.

व्हीएसझेड, आरएसएस, पीएसएस यांपैकी कोणता आकडा धरायचा?

व्हीएसझेड म्हणजे प्रोसेसने (चालू असलेल्या प्रोग्रॅमने) मागून ठेवलेल्या पत्त्यांचा एकूण विस्तार. एक जीबी मेमरी मागितली आणि तिला हातच लावला नाही, तर व्हीएसझेड एक जीबीने वाढतो आणि आरएसएस जवळजवळ जागचा हलत नाही. लिनक्स प्रत्यक्ष पान (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) देतो ते त्या पानाला पहिला स्पर्श झाल्यावर, आणि नेहमीच्या एक्स८६ मशीनवर हे पान ४ केबीचं असतं. त्यामुळे व्हीएसझेड कमी केल्याचा दावा असेल तर "मग?" असं विचारायला संकोच नको. ३२ बिटच्या मशीनवर पत्ते खरोखर अपुरे पडतात, तिथे मात्र त्या आकड्याला वजन आहे.

आरएसएस म्हणजे या क्षणी रॅममध्ये असलेली पानं. एकाच प्रोसेसचा प्रोग्रॅम असेल तर हा आकडा चालतो. फोर्क करून (स्वतःच्याच प्रती काढून) अनेक वर्कर चालवणारा सर्व्हर असेल तर तो फसवतो, कारण सामाईक पान प्रत्येक वर्करच्या खात्यात पूर्ण मोजलं जातं. आठ वर्करच्या आरएसएसची बेरीज केली की तेच पान आठदा धरलं जातं. अशा वेळी पीएसएस बघा, त्यात सामाईक पान वाटेकऱ्यांमध्ये विभागून मोजतात. लिनक्स ४.१४ पासून प्रॉक फाइलसिस्टिममध्ये स्मॅप्स रोलअप नावाची फाइल मिळते, तिच्यात ही बेरीज तयार असते.

आणखी एक खाच. सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, ऑब्जेक्ट नुसता वाचला तरी त्याचा रेफरन्स काउंट (त्याच्याकडे किती जागांहून बोट दाखवलं आहे तो आकडा) सहसा बदलतो. म्हणजे वाचण्यानेही पानावर लिहिलं जातं आणि फोर्कनंतर सामाईक असलेल्या पानाची प्रत होते. पायथन ३.७ मध्ये जीसी मोड्यूलला फ्रीझची सोय मिळाली. तिने गार्बेज कलेक्टरमुळे (नको असलेली मेमरी आपोआप गोळा करणाऱ्या भागामुळे) होणाऱ्या प्रती टळतात, रेफरन्स काउंटमुळे होणाऱ्या नाहीत. असा पॅच तपासताना फोर्क झाल्या झाल्या मोजू नका, वर्करांनी थोडं काम केल्यावर मोजा.

आकडेच दिले नसतील तर पॅच परत पाठवायचा का?

परत पाठवू नका, आकडे मागा. आणि ते कसे काढायचे तेही सांगा: कोणती कमांड, कोणतं इनपुट, किती वेळा. "कृपया बेंचमार्क जोडा" एवढीच टिप्पणी नवख्या माणसाला भिंतीसारखी वाटते. आपल्या रेपॉझिटरीत मोजणीची स्क्रिप्ट नसेल तर ती उणीव आपली आहे.

एरर आल्यावरच्या वाटेवर राहून गेलेला फ्री (घेतलेली मेमरी परत करणारी ओळ) जोडला असेल, तर मात्र आकडे मागण्यात दोघांचाही वेळ जातो. तिथे कोड वाचून खात्री करा आणि मर्ज करा (मुख्य कोडमध्ये घ्या).

मोजायचं कशाने?

सुरुवात जीएनयूच्या टाइम प्रोग्रॅमने करा. शेलमध्ये अंगभूत असलेला टाइम वेगळा आणि हा वेगळा. व्हर्बोज पर्याय दिला की तो प्रोसेसचा कमाल आरएसएस छापतो. एका ओळीचं काम आहे, आणि निम्म्या चर्चा तिथेच मिटतात.

मेमरी नेमकी कुणी घेतली हे हवं असेल तर हीपट्रॅक किंवा व्हॅलग्राइंडमधला मॅसिफ. मॅसिफबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो एरवी मॅलॉक (सीमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) आणि त्याच्या भावंडांनी घेतलेली मेमरीच मोजतो. प्रोग्रॅमने थेट एममॅप करून (कर्नेलकडून सरळ) घेतलेली मेमरी दिसण्यासाठी पानं मोजण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. दुसरं म्हणजे व्हॅलग्राइंड स्वतःचा अलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) बसवतो, त्यामुळे खऱ्या अलोकेटरमध्ये होणारं फ्रॅगमेंटेशन (मोकळ्या जागेचे विखुरलेले तुकडे) तिथे दिसत नाही. मॅसिफमध्ये आलेख खाली आला आणि प्रत्यक्षात आरएसएस तसाच राहिला, तर कारण बहुधा हेच असतं.

पायथनमध्ये ३.४ पासून ट्रेसमॅलॉक सोबतच येतं. तिथे गेटसाइजऑफवर विसंबून केलेले दावे मात्र बारकाईने तपासा. ते फंक्शन लिस्टचा स्वतःचा आकार सांगतं, म्हणजे आतल्या पॉइंटरांची जागा. ते पॉइंटर ज्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात त्यांचं वजन त्यात नसतं. गो भाषेत पीप्रॉफ आणि बेंचमार्कमधली अलोकेशनची मोजणी पुरेशी होते.

स्ट्रक्टमधल्या फील्डचा क्रम बदलून मेमरी वाचते म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे. आणि नेमक्या याच पॅचमध्ये सगळ्यात जास्त फसायला होतं, म्हणून जरा सावकाश पाहू.

एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटात) चार फील्ड या क्रमाने आहेत: एक बाइटचा फ्लॅग, आठ बाइटचा पॉइंटर, एक बाइटचा स्टेट आणि चार बाइटचा काउंट. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटरला आठच्या पटीतला पत्ता लागतो, म्हणून फ्लॅगनंतर सात बाइट रिकामे सुटतात. काउंटला चारच्या पटीतला पत्ता हवा, म्हणून स्टेटनंतर आणखी तीन सुटतात. एकूण २४ बाइट. त्यांत कामाचे १४ आणि पॅडिंगचे, म्हणजे रिकामे, १०. आता क्रम बदला: पॉइंटर, काउंट, फ्लॅग, स्टेट. कामाचे तेच १४, शेवटी पॅडिंगचे दोन, एकूण १६. माहितीचा कणही न गमावता एक तृतीयांश जागा वाचली.

असे एक कोटी स्ट्रक्ट एका सलग ॲरेमध्ये असतील तर आठ कोटी बाइट, म्हणजे ८० एमबी वाचतात. उत्तम पॅच.

पण तेच एक कोटी स्ट्रक्ट एकेकटे मॅलॉक केलेले असतील तर? ६४ बिटवरचा ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक प्रत्येक मागणीवर स्वतःच्या हिशेबाचे आठ बाइट चढवतो, बेरीज १६ च्या पटीत वर नेतो आणि ३२ पेक्षा लहान तुकडा देतच नाही. जुन्या स्ट्रक्टचे २४ अधिक ८ म्हणजे ३२. नव्याचे १६ अधिक ८ म्हणजे २४, आणि तेही जातात ३२ वर. गणित बरोबर, कोड बरोबर, आणि हाती काहीच लागलं नाही. जेमॅलॉक या दुसऱ्या अलोकेटरवर हाच पॅच फायद्याचा ठरतो, कारण त्याच्याकडे १६ चा तुकडा आहे आणि २४ ची मागणी मात्र तो ३२ मध्ये बसवतो.

म्हणून स्ट्रक्टची व्याख्या बदललेली दिसली की आधी तो जन्माला येतो ती ओळ शोधा. ॲरेमध्ये, पूलमध्ये (आधीच घेऊन ठेवलेल्या मोठ्या तुकड्यात), दुसऱ्या स्ट्रक्टच्या पोटात, की सुटा? पाहोल हे टूल डीबग माहिती वाचून प्रत्येक फील्डची जागा आणि मधली भोकं दाखवतं. आधीचं आणि नंतरचं पाहोलचं आउटपुट मी पुल रिक्वेस्टमध्येच चिकटवायला सांगते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: हा स्ट्रक्ट सार्वजनिक हेडरमध्ये आहे का? असेल तर क्रम बदलताच एबीआय, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातला करार, मोडला. जुन्या हेडरवर कंपाइल झालेले प्रोग्रॅम नवी लायब्ररी लोड करतील आणि काउंटच्या जागी भलतंच काही वाचतील. कंपायलर यावर अवाक्षर काढणार नाही. असा बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी बाजूला ठेवा.

चार बाइटचा काउंट दोन बाइटचा केला तर?

तो आकडा ६५,५३५ च्या वर कधीच जाणार नाही याची हमी कुठली ओळ देते, एवढंच विचारा. "इतकं कुणी वापरत नाही" ही हमी नव्हे. लांबी किंवा रेफरन्स काउंट अशा फील्डमध्ये आकडा उलटून शून्यावर आला की पुढे बफर ओलांडणं किंवा सोडलेली मेमरी पुन्हा वापरणं घडतं, आणि मेमरी वाचवणाऱ्या पॅचमधून सुरक्षेची खिंडारं पडतात ती अशी. मर्यादा जिथे इनपुट आत येतं तिथेच तपासलेली हवी, आणि तिची टेस्ट ६५,५३५ आणि ६५,५३६ या दोन्ही आकड्यांवर हवी.

बिटफील्डचं (मोजक्या बिटांच्या फील्डचं) दुखणं निराळं. शेजारचे दोन बिटफील्ड सी ११ च्या नियमांप्रमाणे मेमरीतली एकच जागा मानले जातात. दोन थ्रेड आपापल्या बिटमध्ये लिहीत असले तरी ती डेटा रेस होते, म्हणजे एकाचं लिहिलेलं दुसरा पुसू शकतो. आधी सुटे असलेले फ्लॅग एकत्र बांधले असतील, तर त्यांना कोणते थ्रेड हात लावतात हे एकदा शोधून काढाच.

फ्री केलं तरी आरएसएस उतरत नाही. पॅच चुकीचा आहे का?

तसं नसेलही. फ्री म्हणजे मेमरी अलोकेटरकडे परत. अलोकेटर ती ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच देईलच असं नाही. ग्लिबसी मुख्य हीपचा (मॅलॉक जिथून मेमरी देतो त्या साठ्याचा) वरचा मोकळा भाग एका मर्यादेपलीकडे गेला की सोडून देतो, आणि ती मर्यादा सुरुवातीला १२८ केबी असते. पण वरच्या टोकाला एखादी बारकीशी स्ट्रिंग जिवंत राहिली तरी तिच्याखालचं मोकळं रान अडकून बसतं. भरीला थ्रेड जास्त असले की अरीना (अलोकेटरचे वेगवेगळे साठे) वाढतात. ६४ बिटवर त्यांची मर्यादा प्रोसेसर कोरच्या आठपट असते आणि प्रत्येक अरीना थोडी थोडी मेमरी धरून बसतो.

अशा वेळी कॉन्ट्रिब्युटर प्रत्येक विनंतीनंतर मॅलॉक ट्रिम (मोकळी मेमरी सिस्टिमला परत देणारं फंक्शन) बोलावणारी ओळ घालतो आणि आलेख सुंदर दिसायला लागतो. मी ती ओळ सहसा घेत नाही. सोडलेली पानं पुढच्याच विनंतीला पुन्हा मागावी लागतात आणि त्या खेपेत वेळ जातो. त्याऐवजी दीर्घकाळ जगणारी अलोकेशन आणि क्षणभराची अलोकेशन एकमेकांत मिसळतात कुठे, ते शोधायला सांगते. मोठं इनपुट एकदाच वाचून बाजूला होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काम संपल्यावर एकदा केलेला ट्रिम मात्र रास्त आहे.

लीक तपासणारं टूल स्वच्छ सांगतं, तरी मेमरी वाढतच राहते. कसं काय?

कारण ती लीक नसते, साठा असतो. लीकसॅनिटायझर (विसरलेली मेमरी शोधणारं टूल) विचारतो की या मेमरीकडे जाणारा पॉइंटर कुठे शिल्लक आहे का. ग्लोबल टेबलमध्ये असा पॉइंटर असतो, म्हणून टूल गप्प बसतं.

असा एक पॅच मी स्वतः मंजूर केला होता. पॅटर्न पुन्हा पुन्हा कंपाइल होत होते, कॉन्ट्रिब्युटरने ते हॅशटेबलमध्ये ठेवले, वेग वाढला, अलोकेशनची संख्या घसरली, टेस्ट हिरव्या. मी टेबलची की काय आहे ते पाहिलं, पण ती येते कुठून ते पाहिलं नाही. एका वाटेने ती थेट वापरकर्त्याच्या शोधातून येत होती. दर शोधाला नवा पॅटर्न, दर पॅटर्नला टेबलमध्ये कायमची जागा. आमच्या टेस्ट अर्ध्या मिनिटात संपायच्या, म्हणून काही दिसलं नाही. ज्यांचा सर्व्हर आठवडाभर बंद होत नव्हता, त्यांची प्रोसेस कर्नेलने मेमरी संपली म्हणून मारून टाकली. एका वापरकर्त्याने सहा दिवसांचा आरएसएसचा आलेख पाठवला होता. पायऱ्या नाहीत, खळगे नाहीत, नुसती सरळ चढती रेघ.

तेव्हापासून कॅश (पुन्हा लागेल म्हणून ठेवलेला साठा) दिसली की मी या गोष्टी विचारतेच: मर्यादा किती, मर्यादा एंट्रीच्या संख्येवर आहे की बाइटवर, जुनं कोण काढतं आणि की बाहेरच्या माणसाच्या हातात आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल आणि मर्यादा नसेल, तर तो सेवा पाडण्याचा राजमार्ग आहे.

छोटा तुकडा ठेवला तर मोठी फाइल मेमरीत कशी राहते?

तुकडा प्रत नसून मूळ बफरकडे दाखवणारी खिडकी असेल तर. जावात सबस्ट्रिंग पूर्वी मूळ स्ट्रिंगचा ॲरे वाटून घेत असे. २०१२ साली जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून ती प्रत करू लागली. गोमध्ये स्ट्रिंगचा किंवा स्लाइसचा तुकडा आजही मूळ मेमरीला धरून ठेवतो, आणि तो सोडवण्यासाठी गो १.१८ मध्ये स्ट्रिंग्ज पॅकेजला क्लोन मिळालं. "प्रत वाचवली" असं म्हणणारा पॅच असेल तर तो तुकडा किती काळ जगतो ते पाहा. फंक्शन संपेपर्यंत जगत असेल तर प्रत वाचवणं योग्यच. मॅपमध्ये जाऊन बसत असेल तर बारा बाइटच्या नावासाठी अख्खी फाइल जागी राहते.

सरासरी कमी झाली, मग कमाल का बघायची?

प्रोसेस मारली जाते ती कमाल क्षणी, म्हणून. वाढत जाणारा ॲरे भरला की जीसीसीच्या प्रमाण लायब्ररीतला व्हेक्टर दुप्पट जागा मागतो, जुनं नव्यात हलवतो आणि मग जुनं सोडतो. त्या मधल्या क्षणी जुन्याच्या तिप्पट मेमरी हातात असते. ४०० एमबीचा ॲरे वाढताना क्षणभर १,२०० एमबीचे पत्ते धरून बसतो. पानं हळूहळू स्पर्शली जातात म्हणून आरएसएस तेवढा उसळत नाही, पण जुनं आणि त्याची नवी प्रत मिळून ८०० एमबी तरी भरतातच. अंतिम आकार आधीच माहीत असेल तर रिझर्व्हची एक ओळ हे सगळं टाळते. मात्र तो आकार फाइलच्या हेडरमधून येत असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका; खोटा हेडर घेऊन येणारी दोन केबीची फाइल चार जीबी मागायला लावू शकते.

पॅचमध्ये स्वतःचा मेमरी पूल लिहिला आहे. घ्यावा का?

माझा कल "नको" कडे आहे, आणि त्याचं कारण वेगापेक्षा सुरक्षेशी जोडलेलं आहे. पूलच्या आत झालेली चूक बाहेरच्या टूलना दिसत नाही. ॲड्रेससॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या टूलच्या लेखी तो पूल म्हणजे एकच मोठी जिवंत जागा असते. तिच्यातला सोडलेला तुकडा कुणी वाचला तरी त्याला पत्ता लागत नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेला, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा सुरक्षादोष आठवा. मूळ चूक लांबी न तपासण्याची होती, आणि तिच्यामुळे एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंत बाइट बाहेर जात. पण ओपनएसएसएलने वेगासाठी स्वतःच्या फ्रीलिस्ट ठेवल्या होत्या, सोडलेले बफर सिस्टिमच्या मॅलॉककडे परत न जाता तिथेच थांबत. त्यामुळे काही सिस्टिमांच्या मॅलॉकमध्ये असलेल्या संरक्षणाच्या युक्त्या तिथे कामालाच आल्या नाहीत.

पूल खरोखर हवाच असेल तर दोन अटी घाला. कंपाइल करताना तो पूर्ण बंद करून साध्या मॅलॉकवर चालवता आला पाहिजे, आणि सीआयमध्ये (दर बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) सॅनिटायझरची धाव त्याच अवस्थेत झाली पाहिजे. दुसरी अट, सोडलेला तुकडा सॅनिटायझरला "विषारी" म्हणून कळवण्याची सोय पूलमध्ये हवी.

टूलची ताकीद घालवण्यासाठी एकदोन ओळी काढल्या आहेत. एवढ्यासाठी कशाला चर्चा?

याच्याइतकी चर्चा दुसऱ्या कशावर करू नका. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या, कारण सुरुवातीचं मूल्य न दिलेली मेमरी वाचली जाते अशी ताकीद व्हॅलग्राइंडसारखी टूल देत होती. त्यांतली एक ओळ रँडम आकड्यांच्या साठ्यात खरी अनिश्चितता मिसळत होती. ती गेल्यावर बीज म्हणून उरला तो प्रोसेसचा क्रमांक, आणि लिनक्सवर तेव्हा त्याची नेहमीची मर्यादा होती ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर त्या आवृत्त्यांवर तयार झालेल्या असंख्य एसएसएच आणि एसएसएल किल्ल्या कुणालाही अंदाजाने काढता येण्याजोग्या होत्या. टूल खोटं बोलत नव्हतं. ताकीद कशामुळे येते हे न समजता ती गप्प केली गेली.

ताकीद दाबणारी सप्रेशनची फाइल बदलली असेल तरी हेच लागू. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या टूलमधलं मागचं दार (लपवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा ते शोधणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलेल्या गोष्टींत एसएसएच लॉगिनला लागणारा जादा वेळ होता आणि व्हॅलग्राइंडच्या ताकिदीही होत्या.

मेमरी वाचली पण वेग कमी झाला. काय धरायचं?

प्रकल्प कुठे चालतो त्यावर. राउटरवर किंवा छोट्या बोर्डवर चालणाऱ्या लायब्ररीत वेग थोडा गेला तर चालतो. डेटाबेसच्या आतल्या लूपमध्ये नाही. पण दर वेळी हा सौदा असतोच असंही नाही. कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) बहुतेक प्रोसेसरवर ६४ बाइटची असते. २४ बाइटचे स्ट्रक्ट तिच्यात तीनही पूर्ण मावत नाहीत, १६ चे चार मावतात, त्यामुळे लहान झालेला ॲरे बरेचदा वेगानेही फिरतो. याला अपवाद आहे: वेगवेगळे थ्रेड लिहीत असलेले दोन काउंटर मुद्दाम लांब ठेवलेले असतील आणि पॅचने ते "वाया गेलेलं पॅडिंग" काढून जवळ आणले, तर ते एकाच कॅश लाइनवर भांडायला लागतात. पॅडिंगवर टिप्पणी लिहिलेली नसली तरी गिट ब्लेम (कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) करून ते कुणी आणि का घातलं हे पाहाच.

गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत हे सगळं लागू होतं का?

बहुतेक होतं. फक्त तिथे हीपचा आकार कलेक्टरच्या सेटिंगवरही ठरतो, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या मोजणीत तीच सेटिंग ठेवा. जिवंत मेमरी आणि एकूण अलोकेशन हे दोन आकडे वेगळे मागा.

मेमरीच्या पॅचने प्रोग्रॅमची वागणूक बदलू शकते का?

बदलते, आणि लोक त्या नव्या वागणुकीवर विसंबतात. पायथनची डिक्शनरी हे याचं सुंदर उदाहरण. पूर्वी टेबलच्या प्रत्येक खणात हॅश, की आणि व्हॅल्यू मिळून २४ बाइट जात, खण रिकामा असला तरीही. आठ खणांचं सगळ्यात छोटं टेबल १९२ बाइटचं. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये मांडलेली कल्पना अशी: एंट्री एकापुढे एक दाटीने ठेवायच्या आणि विरळ टेबलमध्ये फक्त त्यांचे क्रमांक ठेवायचे, छोट्या टेबलला एक बाइटचा क्रमांक पुरतो. आठ खणांपैकी पाचच भरू देतात, म्हणून पाच एंट्रींचे १२० आणि क्रमांकांचे ८, एकूण १२८. सीपायथनमध्ये इनादा नाओकी यांनी केलेलं काम २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आलं आणि डिक्शनरीची मेमरी ३.५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के घटली.

पण एंट्री एकापुढे एक ठेवल्यामुळे घातलेल्या क्रमानेच त्या बाहेर येऊ लागल्या. ३.६ मध्ये हा अंतर्गत तपशील आहे, त्यावर विसंबू नका, असं सांगितलं गेलं. ३.७ मध्ये तोच भाषेचा नियम झाला. इथे शेवट गोड झाला. तुमच्या प्रकल्पात उलटा प्रसंग येऊ शकतो: आजवर योगायोगाने टिकलेला क्रम, पत्त्याची स्थिरता किंवा इटरेटरची वैधता पॅचने जाईल. दस्तऐवजात तसं वचन नसलं तरी लोकांच्या कोडमध्ये ते गृहीत धरलेलं असू शकतं. आपल्यावर अवलंबून असलेल्या दोनचार प्रकल्पांच्या टेस्ट मर्जआधी चालवून पाहा.

नवख्या कॉन्ट्रिब्युटरशी कसं बोलायचं?

"याने काही फरक पडत नाही" असं लिहू नका. त्याऐवजी: "तुम्ही म्हणता ते पॅडिंग मला पाहोलमध्ये दिसलं, शोध अचूक आहे. हे स्ट्रक्ट नोड तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये एकेकटे मॅलॉक होतात, त्यामुळे ग्लिबसीवर तुकडा ३२ बाइटचाच राहतो. ते एका ॲरेमध्ये आणता येतील का, पाहाल?" दुसऱ्या उत्तरात माणसाचा अभ्यास मान्य केला आहे, अडचण कुठे आहे ते दाखवलं आहे आणि पुढचं पाऊल त्याच्या हातात दिलं आहे. असं उत्तर मिळालेले लोक परत येतात. ते लिहायला जी दहा मिनिटं जास्त लागतात ती मी आनंदाने देते, कारण आपला कोड इतक्या बारकाईने वाचणारा माणूस सहजी भेटत नाही.

एका पुल रिक्वेस्टमध्ये पाच सुधारणा असतील तर त्या सुट्या करायला सांगा. कोणत्या बदलाने किती वाचलं हे नाहीतर कधीच कळत नाही.

सरळ नाकारायचं कधी?

फायदा मोजता येत नाही आणि कोड वाचायला अवघड झाला आहे, तेव्हा. पॉइंटरच्या खालच्या बिटमध्ये फ्लॅग लपवणं, युनियनमध्ये (एकाच जागेत) दोन अर्थ कोंबणं यांसाठी मोठा आणि मोजलेला लाभ हवा. नाकारताना कारण लिहा आणि मोजलेले आकडे तिथेच राहू द्या. दोन वर्षांनी कुणी तीच कल्पना घेऊन आलं तर त्यांना सुरुवातीपासून मोजावं लागणार नाही.

मर्ज झाल्यावर फायदा टिकेल याची काळजी कशी घ्यायची?

स्ट्रक्टचा आकार महत्त्वाचा असेल तर स्टॅटिक ॲसर्टची (कंपाइल करतानाच अट तपासणारी) ओळ पॅचमध्येच मागा. उद्या कुणी मधे एक बाइटचा फ्लॅग घातला आणि १६ चे २४ झाले तर बिल्ड तिथेच थांबेल.

सीआयमध्ये आरएसएसवर कडक मर्यादा घालू नका. मशीन बदललं, ग्लिबसीची आवृत्ती बदलली की आकडा हलतो, टेस्ट विनाकारण लाल होते आणि लोक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. त्यापेक्षा ठरावीक इनपुटवर किती अलोकेशन झाली आणि एकूण किती बाइट मागितले ते मोजा. एका थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा सहसा दर धावेला तोच येतो, त्यामुळे एका अलोकेशनचा फरकही पकडता येतो. सोबत आठवड्यातून एकदा काही तासांची लांब धाव ठेवा आणि तिच्यात आरएसएसची मर्यादा न तपासता फक्त चढ तपासा. माझ्या त्या पॅटर्नच्या टेबलची सरळ चढती रेघ अशा धावेत दुसऱ्या तासालाच दिसली असती.